चार मीटरच्या आतली एसयूव्ही: रोजच्या वापरात नेमकं काय सांभाळावं लागतं?

नळस्टॉप
घरात चार माणसं. सोमवार ते शुक्रवार कोथरूड ते हिंजवडी आणि परत, महिन्या-दीड महिन्यातून एकदा गुहागर. वर्षाचे साधारण १३ हजार किलोमीटर होतील. दोन पर्यायांवर घोडं अडलंय: २०२१ सालची, एकाच मालकाची, ७० हजार किलोमीटर चाललेली दीड लिटरची डिझेल मॅन्युअल, किंवा नवी कोरी १२०० सीसीची टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक.

सनरूफ केवढं, स्क्रीन किती इंचांची, हे ब्रोशरमध्ये आहेच. मला हवंय ते रोजच्या वापरातलं: काय बिघडतं, का बिघडतं, काय केलं की बिघडत नाही. माझं मत विचाराल तर शहरात फिरणाऱ्याने बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे २०२० पासूनचे निकष) डिझेलच्या वाटेला जाऊ नये. पटत नसेल तर कारणं देऊन खोडा. पार्किंग सोसायटीतलं यांत्रिक, दोन मजली आहे.

मीटरपट्टी
इंजिन नंतर बघू, आधी पार्किंग मोजा. बऱ्याच जुन्या दोन मजली पार्किंगमध्ये खालच्या थराची मोकळी उंची १५५० मिमीच्या आसपास असते, कारण ती हॅचबॅक आणि सेडान धरून बांधलेली असतात. नेक्सॉनची उंची १६२० मिमी, २०२५ च्या नव्या मॉडेलआधीच्या व्हेन्यूची १६१७, ब्रेझाची १६८५. म्हणजे लांबीत बसलेली गाडी उंचीत अडकते. वर शार्क फिनचा अँटेना आणि रूफ रेल धरा.

रुंदीचंही तसंच. नेक्सॉन १८०४ मिमी, तीही आरसे सोडून. प्लॅटफॉर्मच्या दोन्ही कडांच्या आतलं अंतर टेपने घ्या, आणि दार उघडून माणूस बाहेर येईल एवढी जागा खांबापाशी आहे का तेही बघा. वरचा थर मिळत असेल तर उंचीचा प्रश्न सुटतो, फक्त छताखालचा बीम किंवा स्प्रिंकलरचा पाइप कुठे येतो ते तपासा. सोसायटीच्या कार्यालयात प्लॅटफॉर्मची मापं आणि वजनाची मर्यादा लिहिलेला कागद असतो, तो मागून घ्या.

टॉर्कपाना
नळस्टॉप, तुमचं मत बरोबर आहे, पण कारण नीट समजून घ्या.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना डीपीएफ असतो. सायलेन्सरच्या वाटेवरची ही जाळी धुरातली काजळी अडवते. अडवलेली काजळी जाळून टाकावी लागते, त्याला रीजनरेशन म्हणतात. हायवेला एक्झॉस्ट मुळातच गरम असतो, काजळी आपोआप जळत राहते. शहरात तेवढी उष्णता तयार होत नाही. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतःहून जादा डिझेल सोडतो आणि जाळीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो. हे काम पुरं व्हायला सलग १५-२० मिनिटं चालती गाडी लागते.

ते चालू आहे हे ओळखायच्या खुणा: उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा दोनशे-अडीचशेने वर, ऑटो स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, स्क्रीनवरचं तात्पुरतं मायलेज एकदम पडतं, चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा घोंघावत राहतो, बाहेर उतरल्यावर गरम धातूचा वास येतो. अशा वेळी घर आलं म्हणून लगेच इंजिन बंद करू नका. दहा मिनिटं आणखी फिरवा.

डीपीएफचा दिवा लागला तरी घाबरायचं कारण नाही. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये आरपीएम २००० च्या वर ठेवून, ६० च्या पुढच्या वेगाने वीस मिनिटं चालवा, दिवा जातो. दिवा जात नसेल, लुकलुकायला लागला किंवा सोबत चेक इंजिन पेटलं, तर वर्कशॉप गाठा. तिथे स्कॅनर लावून उभ्या गाडीवर रीजन करतात. तसंच चालवत राहिलं तर गाडी ताकद कापते आणि शेवटी जाळीच बदलायची वेळ येते.

आणखी एक, टाकीत डिझेल तळाला गेलं असेल किंवा चेक इंजिन आधीच पेटलेलं असेल तर बहुतेक गाड्या रीजन सुरूच करत नाहीत. डिझेलवाल्याने टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नये.

चौथा गिअर
टॉर्कपाना यांचं तंत्र बरोबर, निष्कर्ष घाईचा वाटतो. कोथरूड-हिंजवडी म्हणजे लक्ष्मी रोड नव्हे. चांदणी चौकातून बाह्यवळणाला लागलं की सकाळी लवकर निघणाऱ्याला गाडी ६०-७० ने न्यायला मिळते. आणि महिन्यातून एकदा गुहागरला जाताना जाळी साफ होतेच.

पैशांचाही हिशोब मांडा. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१ धरा. अशा वापरात टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक १२ देईल, डिझेल मॅन्युअल १६. वर्षाच्या १३ हजार किलोमीटरला पेट्रोलचे सुमारे १ लाख १२ हजार, डिझेलचे ७४ हजार. वर्षाला ३८ हजारांचा फरक. शिवाय चार माणसं, सामान आणि एसी घेऊन घाट चढताना डिझेलचा कमी आरपीएमवरचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, वेगळाच.

टॉर्कपाना
सकाळी लवकर निघणाऱ्याला, मान्य. पण संध्याकाळी सहाला हिंजवडीतून निघालात तर वाकडच्या पुलापर्यंत पहिला-दुसरा गिअर सुटत नाही. रीजन नेमकं त्याच वेळी सुरू झालं आणि अर्ध्यावर तुटलं, असं वारंवार झालं की दुसरं दुखणं लागतं. जादा सोडलेलं डिझेल पूर्ण जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि पातळी वर जाते. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे दिसलं म्हणजे ‘ऑइल कमी होत नाहीये, छान’ असं समजायचं नसतं. बोटावर घेऊन वास घ्या, डिझेलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, सर्व्हिसच्या तारखेची वाट बघू नका.

ऑइलही डीपीएफला चालणारं, कमी राखेचं लागतं. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला एसीईएचा (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) ग्रेड डब्यावर छापलेला असायलाच हवा. नाक्यावरच्या गॅरेजमध्ये ‘तेच आहे, घाला’ म्हणतात तिथे डबा हातात घेऊन वाचा.

लालपरी
डीईएफबद्दल, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या द्रावणाबद्दल, कोणी लिहिलं नाही. सगळ्याच डिझेल गाड्यांत ते नसतं. डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण आहे का, एवढं बघा. असेल तर त्यात ३२.५ टक्के युरियाचं द्रावण जातं, दुसरं काही नाही. सीलबंद कॅन घ्या, उन्हात ठेवू नका, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर पांढरे खडे धरतात. कमी झाल्याची सूचना आली की आठवड्याभरात भरून टाका. ती टाकी पूर्ण रिकामी झाली तर गाडी चालू असेपर्यंत चालते, पण एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. आणि ते डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, थेट टोइंग.

सह्यवारा
नळस्टॉप, ‘पेट्रोल ऑटोमॅटिक’ म्हणजे कुठली ऑटोमॅटिक? या वर्गात चारही प्रकार मिळतात आणि घाटात चौघांचा स्वभाव वेगळा.

एएमटी म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, क्लच दाबायचं काम मोटार करते. स्वस्त, मायलेज चांगलं. पण चढावर रांगेत उभं असताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी तोलून धरलीत तर क्लच जळतो. ब्रेकवर धरा, पुढची गाडी पुरेशी सरकली की मगच एकदम निघा. हिल होल्ड दोन-तीन सेकंदच धरतं, त्यानंतर गाडी मागे येते हे ध्यानात ठेवा.

डीसीटी म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, त्याचे गिअर झटपट पडतात. ड्राय, म्हणजे ऑइलात न बुडलेल्या, क्लचच्या डीसीटीला रांगत्या चढाची रांग मात्र सोसत नाही. क्लच तापल्याची सूचना आली की कडेला घ्या, पार्कमध्ये टाका, इंजिन चालू राहू द्या, म्हणजे थंड व्हायला मदत होते. वेट क्लचच्या डीसीटीत हा त्रास कमी.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद ऑइलमधून पुढे जाते, रांगताना घासणारा क्लच नसतो, म्हणून वाकड-हिंजवडीच्या रांगेला आणि कुंभार्लीच्या चढाला मी तोच सुचवेन. दोन-अडीच किलोमीटर मायलेज कमी पडतं, ते पडू द्या. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली, शहरात लोण्यासारखी, चढावर जोर मागितला की आवाज फार करते.

शिवापूर
टॉर्क कन्व्हर्टरला पूर्ण अनुमोदन. हिंजवडीच्या रांगेत क्लच दाबणारा डावा पाय वर्षभरात कुस्तीच्या आखाड्यात उतरवायच्या लायकीचा होतो.

चौथा गिअर
घाट उतरतानाचंही सांगायला हवं, कारण ऑटोमॅटिकवाले हमखास डी मध्ये ठेवून ब्रेकवर उतरतात. ज्या गिअरने तो घाट चढला असता त्याच गिअरने उतरायचं. कुंभार्ली, ताम्हिणी, आंबेनळी, सगळीकडे बहुतेक दुसरा, उघड्या वळणांना तिसरा. ऑटोमॅटिकला मॅन्युअल मोड किंवा पॅडल त्यासाठीच दिलेत. ब्रेक लावायचा तो वळणाआधी, ठामपणे, आणि सोडायचा. सतत हलका पाय ठेवला की पॅड आणि डिस्क तापतात.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी कितीही कमी चाललेली असो. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं असेल तर हाच आकडा १५५ वर येतो. उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. कोकणात महिन्याला उतरणाऱ्याने यात कसर करू नये.

देवगडी
पावसाळ्यावर मी लिहितो, कारण इंजिनपेक्षा जास्त कटकटी पाणीच करतं.

पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जाळीचा पट्टा असतो. गुलमोहर, कडुनिंब, शिरीष यांची बारीक पानं त्यातून आत जातात आणि पाण्याचा निचरा तुंबवतात. पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरतं आणि डाव्या बाजूचं कार्पेट भिजतं. मे महिन्यात बोनेट उघडून दोन्ही कोपऱ्यांतली पानं हाताने काढा आणि तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली पडतंय का बघा. तेच कार्पेट उन्हाळ्यातही ओलं दिसलं तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय.

सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीला चार कोपऱ्यांत चार नळ्या असतात. सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात अर्धा कप पाणी सावकाश सोडा. काही सेकंदांत पुढच्या चाकाजवळ ठिबकायला हवं. तुंबलं असेल तर गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची मऊ दोरी हळूच सरकवा. तार घालू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आतली नळी सांध्यातून निसटली तर छताचं कापड उतरवावं लागतं.

रस्त्यावरच्या पाण्याचं माप असं: २१५/६० आर १६ टायरचं चाक उभं साधारण ६६ सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या चाकाला ३३ सेंटीमीटर. त्यापुढे जायचं नाही. पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्ये थांबणं नाही, समोरून येणाऱ्या ट्रकची लाट ओसरू द्यायची. पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर मारायचा नाही, कधीही नाही. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम लागतं. बाहेर पडल्यावर हलका ब्रेक दाबत शंभर-दोनशे मीटर चालवून पॅड कोरडे करा.

आणि खारी हवा. गुहागरला गाडी समुद्राकाठी लावत असाल तर परत आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा, चाकांच्या कमानींच्या आत विशेष. अंडरबॉडी कोटिंग करून घेताना पाणी निचरायची भोकं बुजवली नाहीत ना, हे स्वतः खाली वाकून बघा. भोकं बुजली की पाणी आत साठून गंज आतून धरतो, म्हणजे कोटिंग करून उलट नुकसान.

लालपरी
देवगडी, उंदीर राहिले की!

देवगडी
राहिले खरे. पावसात बीळ भरलं की उंदराला गरम इंजिनासारखी जागा नाही. एअर फिल्टरचा डबा, बोनेटखालचा फेल्ट आणि केबिन फिल्टर, ही त्यांची आवडती ठिकाणं. फेल्टचा भुगा किंवा लेंड्या दिसल्या तर वायरिंग तपासल्याशिवाय लांब निघू नका. ब्लोअरच्या हवेच्या तोंडाला बारीक तारेची जाळी लावून घ्या, हा सगळ्यांत टिकाऊ उपाय. गाडीत खाण्याचे कण ठेवू नका, कचराकुंडीजवळ लावू नका.

शिवापूर
तंबाखूची पानं बांधून ठेवतात त्याचं काय?

देवगडी
वास ताजा असेपर्यंत उपयोग होतो. पंधरा दिवसांनी बदलावी लागतात, आणि पट्ट्याजवळ किंवा एक्झॉस्टजवळ बांधायची नाहीत. शिवापूर, तुमच्या पार्किंगमधल्या उंदरांना मात्र चुनाही लागेल बहुतेक.

मीटरपट्टी
टायरवर थोडं. हवा टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. चार माणसं आणि सामान असेल तर स्टिकरवरचा दुसरा, वरचा आकडा. हायवेला चालून तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसतात, ते काढायचे नसतात. कायद्याने खाच १.६ मिमीपर्यंत चालते, पण कोकणातल्या पावसाला ३ मिमीच्या खाली टायर ठेवू नये. दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल, सोबत अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग.

स्टेपनी उघडून बघा. बऱ्याच गाड्यांत ती लहान किंवा अरुंद मापाची असते आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, टीपीएमएस (टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) आणि पंक्चर किट दिलं तर स्टेपनी न देण्याचीही मुभा आहे. रात्री घाटात टायर बाजूने फाटला तर किट काही करू शकत नाही, तेव्हा गाडी घेतानाच विचारा.

पंपावरचा
पेट्रोलचा हिशोब करताना ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, विसरू नका. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी. त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते, ई-१० च्या तुलनेत साडेतीनच्या आसपास. म्हणून जुन्या चाचण्यांतले मायलेजचे आकडे आजच्या गाडीला लावू नका. नळस्टॉप घेणार ती नवी गाडी ई-२० धरूनच बनलेली आहे, रबर-सीलची काळजी नाही.

मायलेज स्क्रीनवर बघून ठरवू नका, ती बहुधा थोडं चढवूनच सांगते. एकाच पंपावर, पहिल्या ऑटो कटला थांबून टाकी भरा, ट्रिप शून्य करा, पुढच्या वेळी पुन्हा ऑटो कटला भरून किलोमीटर भागिले लिटर.

चौथा गिअर
किमतीचं एक अवांतर. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून लांबीत बसूनही ती ४० टक्क्यांत जाते. तरीही तिचा साधा, बिनटर्बोचा दीड लिटर आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ही जोडी दीर्घकाळ वापराला मला भरवशाची वाटते. नळस्टॉप, यादीत नसेल तर चालवून बघा.

नळस्टॉप
सगळ्यांचे आभार. पार्किंग मोजलं: खालचा थर १६०० मिमी, वरचा मोकळा, आणि तो बदलून मिळतोय. आता मूळ प्रश्नाकडे. चौथा गिअर यांचा हिशोब बघून डिझेलबद्दलचं मत जरा डळमळीत झालंय. मी सकाळी साडेसातला निघतो, परतताना मात्र गर्दीच. ती २०२१ ची गाडी बघायला जायचंच असेल तर काय काय तपासू?

टॉर्कपाना
पहिली अट, इंजिन थंड असताना बघायची. मालकाला आधी सुरू करून ठेवू नका म्हणून सांगा, आणि बोनेटवर हात ठेवून खात्री करा.

सायलेन्सरच्या टोकात बोट घालून आतून फिरवा. डीपीएफ धड असेल तर पाच वर्षांच्या डिझेल गाडीतही बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळीकुट्ट काजळी लागली तर जाळी फुटलेली आहे किंवा काढून टाकलेली आहे. काढून टाकणं बेकायदा आहे, आणि पुढे त्याचा भुर्दंड तुमच्यावर. तिथूनच परत फिरा.

मग डिपस्टिक. पातळी वरच्या खुणेच्या पुढे आणि डिझेलचा वास, म्हणजे गाडी आयुष्यभर छोट्या फेऱ्यांतच चालली.

त्यानंतर स्कॅनरवाला सोबत न्या. त्याला चार गोष्टी काढायला सांगा: काजळीची टक्केवारी, जाळीच्या पुढच्या-मागच्या दाबातला फरक, शेवटचं रीजन पूर्ण होऊन किती किलोमीटर झाले, आणि अर्धवट तुटलेल्या रीजनची नोंद. फक्त ‘एरर नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका, एरर दहा मिनिटांपूर्वी पुसलेले असू शकतात.

क्लचसाठी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग मागे राहिला तर क्लच गेला.

चौथा गिअर
यात सर्व्हिसची बिलं जोडा. शिक्के नकोत, बिलंच. ऑइलचा ग्रेड, डिझेल फिल्टर आणि ब्रेक ऑइल कधी बदललं हे त्यात दिसतं. ७० हजार हायवेवर झालेत की शहरात, तेही फास्टॅगच्या स्टेटमेंटवरून कळतं, मालकाला दाखवायला सांगा.

टॉर्कपाना
फास्टॅगची कल्पना चांगली आहे. आणि नळस्टॉप, साडेसातला निघणार असाल आणि आठवड्यातून एकदा परतीची वेळ बदलून बाह्यवळणावर वीस मिनिटं सलग चालवायची तयारी असेल, तर माझा डिझेलला विरोध नाही. तेवढं जमणार नसेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली पेट्रोल घ्या.

नळस्टॉप
शनिवारी सकाळी स्कॅनरवाल्याला घेऊन जातोय. चारही आकडे इथे टाकतो.

मीटरपट्टी
त्या गाडीची स्टेपनी काढून तिच्यावरचा चार आकडी तारखेचा शिक्का पण टाका. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २० च्या आधीचं किंवा २१ च्या फार नंतरचं वर्ष असेल तर टायर बहुधा बदललेला आहे, का ते विचारा.